बीटल्सच्या श्रोतृवर्गाची जडणघडण (१९५७–१९६३) : लिव्हरपूल आणि हॅम्बुर्ग यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

बीटल्स या इंग्रज रॉक बँडच्या यशाचा इतिहास बहुधा १९६३ च्या उत्तरार्धातील लोकप्रियतेच्या लाटेपासून सांगितला जातो. या लाटेपूर्वी सुमारे सहा वर्षे हा बँड आपला श्रोता घडवीत होता. हा श्रोता ध्वनिमुद्रिका, नभोवाणी किंवा दूरचित्रवाणी यांनी निर्माण केला नाही. तो तळघरे, नृत्यगृहे, स्थानिक वृत्तपत्र आणि दुकाने यांच्या आधाराने निर्माण झाला. प्रस्तुत निबंधात या प्रक्रियेचा कालानुक्रमे आढावा घेतला असून, राष्ट्रीय श्रोतृवर्ग मिळविताना मूळ स्थानिक श्रोतृवर्गाला काय गमवावे लागले याचाही विचार केला आहे.

बीजशब्द : बीटल्स, लिव्हरपूल, हॅम्बुर्ग, कॅव्हर्न क्लब, श्रोतृवर्ग, लोकप्रिय संगीताचा इतिहास.

प्रस्तावना

भारतीय वाचकाला बीटल्स प्रामुख्याने आठवतात ते १९६८ मधील हृषीकेश येथील त्यांच्या वास्तव्यामुळे आणि जॉर्ज हॅरिसन यांनी पंडित रविशंकर यांच्याकडे घेतलेल्या सतारीच्या शिक्षणामुळे. त्या वेळी ते जगातील सर्वाधिक परिचित संगीतकारांपैकी होते. तथापि त्याआधी केवळ सात-आठ वर्षे याच तरुणांना आपल्या शहराबाहेर कोणी ओळखत नव्हते. अनोळखी अवस्थेतून जगप्रसिद्धीपर्यंतचा हा प्रवास सामान्यतः दोन प्रकारे सांगितला जातो. पहिल्या कथेत प्रतिभा असते, एक दिवस ती जगासमोर येते आणि जग तिचा स्वीकार करते. दुसऱ्या कथेत परिश्रम असतात. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आउटलायर्स’ या पुस्तकाने ही दुसरी कथा लोकप्रिय केली. हॅम्बुर्गमधील क्लबांत तासन् तास वाजविल्यामुळे बीटल्स घडले, असे तिचे सार सांगता येईल.

या दोन्ही कथांमध्ये एक उणीव जाणवते. दोहोंतही श्रोता अनुपस्थित आहे. पहिल्या कथेत तो आयता तयार असतो, तर दुसऱ्या कथेत तो केवळ सरावाचे निमित्त ठरतो. इतिहासाच्या दृष्टीने पाहता, श्रोतृवर्ग ही घडविली जाणारी सामाजिक संस्था आहे. तिला जागा लागते, वेळापत्रक लागते, मध्यस्थ लागतात आणि पुन्हा पुन्हा येण्याचे कारण लागते. ही संस्था बीटल्सच्या बाबतीत कशी उभी राहिली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. बीटल्सच्या प्रारंभीच्या श्रोतृवर्गाची सामाजिक पार्श्वभूमी तपासणे.
२. हॅम्बुर्ग आणि लिव्हरपूल येथील श्रोतृवर्गांतील भेद स्पष्ट करणे.
३. श्रोतृवर्ग घडविण्यातील संगीतकारेतर व्यक्ती व संस्था यांच्या योगदानाचा आढावा घेणे.
४. स्थानिक श्रोतृवर्गाकडून राष्ट्रीय श्रोतृवर्गाकडे झालेल्या संक्रमणाचे परिणाम पाहणे.

पार्श्वभूमी : युद्धोत्तर लिव्हरपूल

लिव्हरपूल हे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील बंदर. १९६१ च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या सुमारे साडेसात लाख होती. दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावाच्या खुणा तेथे पन्नासच्या दशकातही शिल्लक होत्या. आयरिश, वेल्श, आफ्रिकी, चिनी अशा अनेक लोकसमूहांनी हे शहर बनले होते. बोलीचा वेगळेपणा आणि लंडनविषयीचा दुरावा यांमुळे येथे तीव्र स्थानिक अभिमान आढळतो.

जानेवारी १९५६ मध्ये लॉनी डोनेगन यांचे ‘रॉक आयलंड लाइन’ हे गाणे ब्रिटनमध्ये गाजू लागले आणि ‘स्किफल’ या संगीतप्रकाराची साथ पसरली. स्किफलसाठी महाग वाद्यांची गरज नव्हती. एक साधी गिटार, कपडे धुण्याची पन्हळीदार फळी आणि चहाच्या खोक्याला काठी व दोरी बांधून केलेले खर्जाचे वाद्य एवढ्यावर शाळकरी मुलांचा बँड उभा राहत असे. जॉन लेनन यांनी १९५६ च्या सुमारास काढलेला ‘क्वॉरीमेन’ हा असाच एक बँड होता. ६ जुलै १९५७ रोजी वूल्टन येथील सेंट पीटर्स चर्चच्या उन्हाळी मेळाव्यात तो वाजवीत असताना लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची पहिली भेट झाली. १९५८ मध्ये जॉर्ज हॅरिसन त्यांना येऊन मिळाले.

येथे दोन बाबी लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली म्हणजे, १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर सामान्य कुटुंबांतील मुलांना माध्यमिक शिक्षणाची दारे अधिक खुली झाली होती. मॅकार्टनी व हॅरिसन हे लिव्हरपूल इन्स्टिट्यूट या शाळेत, तर लेनन १९५७ पासून कला महाविद्यालयात शिकत होते. दुसरी बाब सक्तीच्या लष्करी सेवेची. तीसाठी तरुणांना बोलावणे १९६० च्या अखेरीस थांबले. १८–१९ वर्षांच्या तरुणांचा बँड सेवेच्या बोलावण्याने मोडण्याची भीती त्यामुळे उरली नाही. ज्या वयात वाजविणारे मोकळे झाले, त्याच वयाचे ऐकणारेही मोकळे झाले.

पहिली जागा : एका घराचे तळघर

२९ ऑगस्ट १९५९ रोजी वेस्ट डर्बी या उपनगरात ‘कॅस्बा कॉफी क्लब’ सुरू झाला. मोना बेस्ट या गृहिणीने आपल्या मोठ्या घराचे तळघर तरुणांसाठी खुले केले होते. उद्घाटनाच्या रात्री क्वॉरीमेन बँडने वादन केले. इतकेच नव्हे, तर त्याआधी तळघराच्या रंगकामातही बँडच्या मुलांनी हात लावला होता. येथे सदस्यत्व होते, ठरावीक दिवस होते आणि येणारी मुले एकमेकांना ओळखत होती. कॅस्बाचे महत्त्व बीटल्सच्या चरित्रांत बहुधा दोन-चार ओळींत आटोपते. वस्तुतः ‘आपला बँड’ ही भावना असलेला श्रोता या मुलांना प्रथम येथे भेटला. मोना यांचे चिरंजीव पीट बेस्ट १२ ऑगस्ट १९६० रोजी ड्रमवादक म्हणून बँडमध्ये दाखल झाले.

हॅम्बुर्ग : वाटसरूला थांबविण्याची विद्या

लिव्हरपूलमधील व्यावसायिक अॅलन विल्यम्स यांच्या मध्यस्थीने हा बँड पश्चिम जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे गेला. लेनन, मॅकार्टनी, हॅरिसन, स्टुअर्ट सटक्लिफ आणि बेस्ट अशा पाच जणांनी १७ ऑगस्ट १९६० रोजी ब्रूनो कोशमीडर यांच्या ‘इंद्रा’ या क्लबमध्ये वादनास प्रारंभ केला. ‘बीटल्स’ हे नाव याच सुमारास स्थिर झाले. कामाचे तास इतर दिवशी साडेचार, तर शनिवार-रविवारी सहा होते. राहण्याची व्यवस्था एका चित्रपटगृहाच्या पडद्यामागील अंधाऱ्या खोल्यांत होती. ४ ऑक्टोबर रोजी त्यांना त्याच मालकाच्या ‘कायझरकेलर’ या मोठ्या क्लबमध्ये हलविण्यात आले.

इंद्रामधील श्रोता कॅस्बातील श्रोत्याच्या अगदी उलट होता. तो खलाशी, पर्यटक किंवा रात्रीच्या गल्लीत भटकणारा कोणीही असे. त्याला भाषा कळत नव्हती आणि दारातून आत येण्याचे त्याला कोणतेही बंधन नव्हते. आत आला तरी तो पेय संपवून निघून जाणार होता. मालकाची मागणी स्पष्ट होती : रंगमंचावर काहीतरी करून दाखवा. परिणामी मुले नाचू लागली, ओरडू लागली, आपापसांत विनोद करू लागली आणि एकेक गाणे लांबवू लागली. रोजचे तास भरून काढण्यासाठी त्यांना अमेरिकी रॉक अँड रोल, रिदम अँड ब्लूज, लोकगीते, जुनी नाट्यगीते असा प्रचंड गीतसंग्रह जमवावा लागला. अनोळखी माणसाला थांबविण्याची विद्या त्यांनी येथे आत्मसात केली.

परंतु केवळ तासांच्या गणिताने सर्व उलगडा होत नाही. बीटल्सच्या आधी ‘डेरी अँड द सीनियर्स’ हा लिव्हरपूलचा बँड हॅम्बुर्गला पोहोचला होता. कायझरकेलरमध्ये ‘रोरी स्टॉर्म अँड द हरिकेन्स’ हा दुसरा बँड त्यांच्याबरोबर आळीपाळीने वाजवीत होता. त्याचे ड्रमवादक रिंगो स्टार हे होते. या बँडांनाही तेवढेच तास, तेच श्रोते आणि तोच मालक लाभला होता. तरीही त्यांची वाटचाल वेगळी झाली. म्हणून परिश्रमाला आवश्यक कारण म्हणता येईल, पुरेसे कारण म्हणता येणार नाही.

एक महत्त्वाचा फरक श्रोत्यांच्या बाजूने दिसून येतो. कायझरकेलरमध्ये एका रात्री क्लाउस फोरमन हा तरुण चित्रकार योगायोगाने आला. पुढे तो आस्ट्रिड किर्शहेर आणि युर्गेन फोल्मर या आपल्या मित्रांना घेऊन आला. कलाशिक्षण घेतलेले हे तरुण या गल्लीतील नेहमीचे गिऱ्हाईक नव्हते. ते पुन्हा पुन्हा आले आणि त्यांनी बँडशी मैत्री केली. किर्शहेर यांनी १९६० च्या शरद ऋतूत काढलेल्या छायाचित्रांमुळे बँडला आपली एक प्रतिमा प्रथमच मिळाली. पुढे ऑक्टोबर १९६१ मध्ये पॅरिस येथे फोल्मर यांनी लेनन व मॅकार्टनी यांचे केस ज्या पद्धतीने कापले, तीच पद्धत बँडची ओळख बनली. श्रोता केवळ घेणारा नसतो, तो बँडला आकारही देतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

नोव्हेंबर १९६० मध्ये हॅरिसन अल्पवयीन असल्याने त्यांना जर्मनीतून परत पाठविण्यात आले. पाठोपाठ इतरही परतले. १९६२ च्या अखेरपर्यंत बीटल्सनी हॅम्बुर्गच्या एकूण पाच वाऱ्या केल्या.

लिदरलंड आणि कॅव्हर्न : नियमित श्रोत्याचा उदय

२७ डिसेंबर १९६० रोजी लिदरलंड टाउन हॉल येथील नृत्याच्या कार्यक्रमात बीटल्सनी वादन केले. कार्यक्रमाची शिफारस निवेदक बॉब वूलर यांनी आयोजक ब्रायन केली यांच्याकडे केली होती. ‘थेट हॅम्बुर्गहून’ अशी जाहिरात असल्याने काही श्रोत्यांना हा जर्मन बँड वाटला. पहिल्याच गाण्याला नाचणारी गर्दी थांबली आणि रंगमंचाकडे सरकली, असे उपस्थितांनी नंतर सांगितले आहे. प्रतिस्पर्धी आयोजकांनी बँडशी बोलू नये म्हणून केली यांनी विश्रामकक्षाबाहेर माणसे उभी केली आणि लगेच पुढील अनेक तारखा निश्चित केल्या. नृत्यगृहात लोक नाचण्यासाठी येत, बँड हा नाचाचा आधार असे. नाच थांबवून बँडकडे पाहणारा समूह म्हणजे खऱ्या अर्थाने श्रोतृवर्गाचा आरंभ होय.

हा श्रोतृवर्ग स्थिर झाला तो मॅथ्यू स्ट्रीटवरील ‘कॅव्हर्न क्लब’मध्ये. जानेवारी १९५७ मध्ये जॅझसाठी सुरू झालेला हा क्लब एका गोदामाच्या तळघरात होता. विटांच्या तीन कमानी, कोंदट हवा, भिंतींवरून ओघळणारे पाणी आणि आसपासच्या फळांच्या गोदामांचा वास असे त्याचे वर्णन सर्वत्र आढळते. येथे मद्य मिळत नसे. क्लबचे मालक रे मॅकफॉल यांनी दुपारच्या जेवणाच्या सुटीत संगीताचे कार्यक्रम सुरू केले होते. बीटल्सचा या नावाने पहिला कार्यक्रम ९ फेब्रुवारी १९६१ रोजी दुपारी झाला. त्याचा मोबदला पाच पौंड होता. तेथपासून ३ ऑगस्ट १९६३ पर्यंत त्यांनी या तळघरात किती वेळा वादन केले, याविषयी मतभेद आहेत. बहुधा २९२ हा आकडा दिला जातो. उपलब्ध नोंदींच्या पडताळणीतून मात्र तो पावणेतीनशेच्या आसपास येतो. आकडा कोणताही धरला, तरी अडीच वर्षांत एकाच जागी एवढे कार्यक्रम ही असाधारण बाब आहे.

दुपारच्या कार्यक्रमांचा श्रोता कोण होता? शहराच्या मध्यभागातील कचेऱ्यांमधील टंकलेखिका व कारकून, दुकानांतील विक्रेत्या मुली, उमेदवारी करणारे तरुण, शाळा चुकवून आलेली मुले. हा श्रोता एका तासासाठी येई, डबा किंवा क्लबमधील सूप घेई आणि पुन्हा कामावर जाई. तो आठवड्यातून दोन-तीनदा येत असल्याने तेच ते ऐकणार नव्हता. हॅम्बुर्गमध्ये दररोज श्रोता नवा आणि गाणी जुनी चालत. कॅव्हर्नमध्ये श्रोता जुना असल्याने गाणी नवी लागत. शिवाय शहरातील बहुतेक बँड त्याच अमेरिकी तबकड्यांवरील गाणी वाजवीत. एखादे गाणे आधीच्या बँडने वाजविले, की पुढच्याला दुसरे शोधावे लागे. बीटल्स तबकडीच्या मागील बाजूची अल्पपरिचित गाणी शोधू लागले आणि हळूहळू स्वतःची गाणी पुढे आणू लागले. १ जानेवारी १९६२ रोजी डेक्का कंपनीच्या चाचणीत त्यांनी गायिलेल्या पंधरा गाण्यांपैकी तीन लेनन–मॅकार्टनी यांची होती. मार्च १९६३ मधील पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेत हे प्रमाण चौदांपैकी आठ झाले. स्वनिर्मितीकडे झालेल्या या वाटचालीत नियमित श्रोत्याच्या दडपणाचा वाटा मोठा आहे.

कॅव्हर्नमध्ये रंगमंच आणि श्रोता यांतील अंतर अक्षरशः काही इंचांचे होते. श्रोते चिठ्ठ्या पाठवून गाण्यांची फर्माईश करीत, गायक नावानिशी उत्तर देत. क्लबमध्ये कोट सांभाळण्याचे काम करणारी सिला व्हाइट ही मुलगी मधूनमधून बँडबरोबर गात असे. पुढे सिला ब्लॅक या नावाने ती स्वतः प्रसिद्ध गायिका झाली. ऐकणारा आणि गाणारा ही विभागणी तेथे पक्की झालेली नव्हती.

मध्यस्थ : वृत्तपत्र आणि दुकान

श्रोते एका तळघरात जमले म्हणजे श्रोतृवर्ग तयार होत नाही. आपल्यासारखे इतरही आहेत, याची त्यांना जाणीव व्हावी लागते. हे काम ‘मर्सी बीट’ या पाक्षिकाने केले. कला महाविद्यालयातील लेनन यांचे मित्र बिल हॅरी यांनी ६ जुलै १९६१ रोजी त्याचा पहिला अंक काढला. त्याच्या पाच हजार प्रती छापल्या होत्या. कोणता बँड कोठे वाजविणार, कोणी कोणते गाणे बसविले, अशा वृत्तांतून शहरातील शेकडो बँड आणि त्यांचे चाहते एकाच नकाशावर आले. ४ जानेवारी १९६२ च्या अंकात वाचकांच्या मतदानाचा निकाल जाहीर झाला आणि बीटल्स प्रथम आले. बँडच्या सदस्यांनी स्वतःही मते पाठविली होती, असे सांगितले जाते. हे खरे धरले तरी महत्त्व कमी होत नाही. ‘लिव्हरपूलचा पहिला बँड’ हे पद अस्तित्वात आले आणि श्रोत्यांना त्याविषयी अभिमान वा वाद करता येऊ लागला.

या पाक्षिकाच्या प्रती व्हाइटचॅपल येथील ‘नेम्स’ या दुकानात विकल्या जात. या दुकानातील ध्वनिमुद्रिका विभागाचे प्रमुख ब्रायन एपस्टाइन ऑगस्ट १९६१ पासून त्याच पाक्षिकात ध्वनिमुद्रिका-परीक्षणाचे सदर लिहीत होते. ऑक्टोबर १९६१ मध्ये एका तरुण ग्राहकाने बीटल्सच्या जर्मनीत निघालेल्या तबकडीची मागणी केली आणि तेव्हा आपल्याला या बँडचे नाव कळले, असे एपस्टाइन यांनी आत्मचरित्रात नोंदविले आहे. ज्या पाक्षिकात ते स्वतः लिहीत होते, त्यात बीटल्सचा वारंवार उल्लेख होता. त्यामुळे ही हकीकत शब्दशः स्वीकारणे कठीण आहे. तथापि तिच्यात एक तथ्य निश्चित आहे : श्रोत्यांची मागणी दुकानाच्या काउंटरपर्यंत पोहोचली होती. ९ नोव्हेंबर १९६१ रोजी एपस्टाइन दुपारच्या कार्यक्रमासाठी कॅव्हर्नमध्ये गेले आणि २४ जानेवारी १९६२ रोजी ते बँडचे व्यवस्थापक झाले. त्यांनी पाहिला तो बँड एकटा नव्हता. त्याच्यासमोर त्याचा श्रोताही उभा होता, आणि व्यापाऱ्याच्या नजरेला तो अधिक बोलका पुरावा होता.

स्थानिक लोकप्रियतेची सीमा

१० नोव्हेंबर १९६१ रोजी न्यू ब्रायटन येथील टॉवर बॉलरूममध्ये आयोजक सॅम लीच यांनी पाच बँडांचा कार्यक्रम केला. त्यास तीन हजारांहून अधिक श्रोते आल्याचे सांगितले जाते. अवघ्या चार आठवड्यांनी, ९ डिसेंबर रोजी, याच आयोजकाने बीटल्सना दक्षिण इंग्लंडमधील ऑल्डरशॉट येथे नेले. तेथील वृत्तपत्रात जाहिरात प्रसिद्ध झाली नाही. कार्यक्रमाला अठरा श्रोते आले.

या दोन आकड्यांमध्ये बीटल्सच्या तत्कालीन स्थितीचे सार आहे. बँड तोच, गाणी तीच, आयोजकही तोच. बदलला होता तो केवळ परिसर. जेथे कॅव्हर्न नव्हते, मर्सी बीट नव्हते, वूलर यांच्यासारखा निवेदक नव्हता, तेथे प्रतिभा आणि हॅम्बुर्गचे तास असूनही सभागृह रिकामे राहिले. प्रतिभेची व परिश्रमाची कथा अपुरी का आहे, हे ऑल्डरशॉटने दाखवून दिले. डेक्का कंपनीनेही बीटल्सना नाकारून लंडनजवळच्या ‘ब्रायन पूल अँड द ट्रेमेलोज’ या बँडची निवड केली.

संक्रमण : तळघराबाहेर

ही सीमा ओलांडण्यासाठी एपस्टाइन यांनी बँडचे रूप बदलले. रंगमंचावर खाणे, धूम्रपान, श्रोत्यांशी वाद घालणे बंद झाले. गाण्यांचा क्रम निश्चित झाला. कार्यक्रमाअखेर वाकून अभिवादन आले. मार्च १९६२ मध्ये बीबीसीसाठी प्रथमच ध्वनिमुद्रण करताना चामडी पोशाखाऐवजी सूट आले. ५ एप्रिल १९६२ रोजी कॅव्हर्नमध्ये चाहता-मंडळासाठी खास कार्यक्रम झाला. त्यात पूर्वार्धात जुना चामडी पोशाख आणि उत्तरार्धात नवे सूट परिधान करण्यात आले. जुन्या श्रोत्यांना नव्या रूपाची ओळख करून देण्याचा तो विचारपूर्वक प्रयत्न होता. त्याचबरोबर तो निरोपाचा आरंभही होता.

जून १९६२ मध्ये ईएमआय कंपनीच्या पार्लोफोन विभागाचे जॉर्ज मार्टिन यांनी बीटल्सना संधी दिली. त्यानंतर १६ ऑगस्ट १९६२ रोजी पीट बेस्ट यांना बँडमधून वगळण्यात आले आणि त्यांच्या जागी रिंगो स्टार आले. बेस्ट यांचा स्वतंत्र चाहतावर्ग होता. कॅव्हर्नमध्ये व रस्त्यावर निषेधाच्या घोषणा झाल्या, मर्सी बीटकडे निषेधाची पत्रे आली आणि धक्काबुक्कीत हॅरिसन यांचा डोळा सुजला. या घटनेचा विचार बहुधा बेस्ट यांच्या वादनकौशल्याच्या अंगाने केला जातो. श्रोतृवर्गाच्या अंगाने तिचा अर्थ वेगळा आहे. बँड आपला आहे, म्हणून त्यात कोण असावे हे ठरविण्यात आपलाही वाटा आहे, असे या श्रोत्यांना वाटत होते. निर्णय लागला तो त्यांच्या विरुद्ध. ज्या घराच्या तळघरात बँडला पहिला हक्काचा श्रोता मिळाला, त्याच घरातील मुलगा बाहेर पडला, हा या इतिहासातील क्लेशदायक भाग आहे.

‘लव्ह मी डू’ ही पहिली तबकडी ५ ऑक्टोबर १९६२ रोजी निघाली आणि विक्रीच्या क्रमवारीत सतराव्या स्थानापर्यंत गेली. एपस्टाइन यांनी दहा हजार प्रती स्वतःच विकत घेतल्याची वदंता आहे, परंतु तिला विश्वसनीय आधार नाही. जानेवारी १९६३ मधील ‘प्लीज प्लीज मी’ने बहुतेक क्रमवारींत पहिले स्थान मिळविले. याच नावाच्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेतील चौदांपैकी दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात ध्वनिमुद्रित झाली. ही ध्वनिमुद्रिका प्रत्यक्ष कॅव्हर्नमध्येच करावी, असा विचार मार्टिन यांनी केला होता. तेथील ध्वनिरचना अनुकूल नसल्याने तो सोडून द्यावा लागला. तरीही एका दिवसात दहा गाणी होऊ शकली, ती दीर्घकाळ श्रोत्यांसमोर घासून तयार झाल्यामुळेच. एका अर्थी लिव्हरपूलच्या श्रोत्यांचा कौल त्या तबकडीत नोंदला गेला आहे.

१९६३ या एका वर्षात चार देशव्यापी दौरे झाले. जूनपासून बीबीसीवर ‘पॉप गो द बीटल्स’ ही पंधरा भागांची मालिका प्रसारित झाली. १३ ऑक्टोबर रोजी लंडन पॅलेडियममधील दूरचित्रवाणी कार्यक्रम सुमारे दीड कोटी प्रेक्षकांनी पाहिला. त्यानंतर वृत्तपत्रांनी ‘बीटलमेनिया’ हा शब्द रूढ केला. जे स्थानिक पातळीवर तळघर, पाक्षिक आणि दुकान यांनी केले होते, तेच कार्य आता नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि राष्ट्रीय वृत्तपत्रे करू लागली.

पहिल्या श्रोत्यांचे दान

३ ऑगस्ट १९६३ रोजी बीटल्सनी कॅव्हर्नमधील अखेरचा कार्यक्रम केला. आरोळ्यांच्या नव्या लाटेत गाणे ऐकू येणे दुरापास्त झाले होते. २९ ऑगस्ट १९६६ नंतर बीटल्सनी तिकीट लावून सार्वजनिक कार्यक्रम करणेच बंद केले. जो श्रोता चिठ्ठी पाठवून गाणे मागत होता आणि ज्याला नावाने उत्तर मिळत होते, त्याची जागा स्वतःचाच आवाज ऐकणाऱ्या गर्दीने घेतली होती. वादकांनी या बदलाबद्दल पुढे खंत व्यक्त केली, तिची नोंद झाली. टंकलेखिका आणि उमेदवारांच्या खंतीची नोंद त्या मानाने फार अल्प आहे.

येथे इतिहासलेखनाचा एक प्रश्न उपस्थित होतो. व्यवस्थापक, ध्वनिमुद्रक आणि आयोजक यांनी आत्मचरित्रे लिहिली. श्रोत्यांच्या मागे मात्र सदस्यत्वाची कार्डे, फर्माइशींच्या चिठ्ठ्या आणि थोड्या आठवणी एवढेच साहित्य उरले. ज्यांनी एका शिलिंगाच्या आसपास पैसे मोजून अडीच वर्षे सातत्याने हजेरी लावली, त्यांना केवळ ‘गर्दी’ या एका शब्दात बसविणे न्याय्य ठरणार नाही.

निष्कर्ष

१. बीटल्सचा श्रोतृवर्ग ध्वनिमुद्रिकेपूर्वी निर्माण झाला. ध्वनिमुद्रिकेने त्याचा विस्तार केला.
२. हॅम्बुर्गच्या अनोळखी श्रोत्याने बँडला लक्ष वेधण्याची कला शिकविली, तर लिव्हरपूलच्या नियमित श्रोत्याने नावीन्याची सवय लावली. या दोहोंच्या संयोगातून बँडचे वैशिष्ट्य सिद्ध झाले.
३. मोना बेस्ट, बॉब वूलर, रे मॅकफॉल, बिल हॅरी, ब्रायन एपस्टाइन या संगीतकारेतर व्यक्तींनी जागा, वेळापत्रक, वृत्त आणि बाजार उपलब्ध करून दिला. त्यांच्या अभावी काय होते, हे ऑल्डरशॉटच्या अठरा श्रोत्यांनी सिद्ध केले.
४. राष्ट्रीय श्रोतृवर्गाकडे झालेल्या संक्रमणात मूळ श्रोत्याचा बँडवरील अधिकार संपुष्टात आला. पीट बेस्ट प्रकरणातील निषेध हा त्या अधिकाराचा अखेरचा उच्चार होता.

१० जुलै १९६४ रोजी ‘अ हार्ड डेज नाइट’ या आपल्या चित्रपटाच्या खेळासाठी बीटल्स लिव्हरपूलला परतले. शहराने आपल्याला परके मानले असेल, अशी धास्ती त्यांना वाटत होती. प्रत्यक्षात विमानतळापासून नगरभवनापर्यंतच्या रस्त्यांवर सुमारे दोन लाख लोक जमले. त्या गर्दीत मॅथ्यू स्ट्रीटच्या तळघरात दुपारचा डबा खाणारे काही शे तरुणही असणे स्वाभाविक आहे. १९७३ मध्ये ते तळघर बंद झाले व त्यावरील इमारत पाडण्यात आली. १९८४ मध्ये अंशतः त्याच जागेवर त्याची पुनर्बांधणी झाली आणि आज तेथे जगभरातून पर्यटक येतात. विटांच्या कमानी पुन्हा बांधता आल्या. ज्यांनी त्या कमानींखाली एका अनोळखी बँडला आपले म्हटले, त्यांचा इतिहास लिहिण्याचे कार्य अद्याप मोठ्या प्रमाणात शिल्लक आहे.